मंडळाच्या साइटवरचे पासवर्ड: कार्यालयाला दिसले नाहीत तर चालेल का?

शनिपारकर

नमस्कार मंडळी. पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मानधन नाही, चहा आहे. साइट २००४ च्या सुमाराची, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारी. मधल्या काळात येईल त्याने हात फिरवलेला.

सदस्यांच्या टेबलात पासवर्डचे दोन कॉलम आहेत. एकात पासवर्ड जसाच्या तसा, व्हारकार ५० (म्हणजे जास्तीत जास्त ५० अक्षरांची जागा). दुसऱ्यात त्याचाच एमडीफाइव्ह, म्हणजे जुन्या पद्धतीचा हॅश (पासवर्डवरून काढलेली, उलट फिरवता न येणारी खूण). लॉगिन एमडीफाइव्हवर होतं. उघडा कॉलम का ठेवलाय, असं विचारलं तर कार्यालयातल्या काकूंनी पडदाच दाखवला. नाव शोधायचं की शेजारी पासवर्ड दिसतो. कुणाचे वडील फोन करतात, "अहो, विसरलो हो," काकू वाचून दाखवतात, काम झालं. रोज असे फोन येतात, आणि काकूंना या सोयीचा अभिमान आहे.

मला हे बंद करून नीट हॅशिंग आणायचंय. अल्गोरिदम कोणता घेऊ? सध्याच्या सदस्यांना त्रास न देता बदल कसा करू? आणि काकूंना काय सांगू? चिटणिसांचं म्हणणं, "पासवर्ड आपल्यालाच दिसला नाही तर सभासदाला मदत कशी करायची?" होस्टिंग शेअर्ड आणि स्वस्तातलं आहे, तेव्हा मोठ्या गोष्टी सुचवू नका.

हिंजवडी_फेज२

उघडा कॉलम उडवा, एमडीफाइव्हच्या जागी एसएचए-२५६ हा हॅश आणि सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक तुकडा) टाका. पाच ओळींचं काम. मी स्वतः लिहिलेलं असं फंक्शन बरीच वर्षं चालवतोय, काही झालेलं नाही.

लकडीपूल

@हिंजवडी_फेज२, काही झालेलं नाही हे कळलं कसं? डेटाबेसची प्रत नेणारा पावती देऊन जात नाही.

एसएचए-२५६ वाईट नाही, पण ते वेगासाठी बनवलंय. फाइल तपासायला, सहीला तो वेग हवाच. पासवर्डला तोच नडतो, कारण चोर एकेक अंदाज हॅश करून जुळतो का ते बघत जातो. आरटीएक्स ४०९० हे गेमिंगचं कार्ड एमडीफाइव्हचे सेकंदाला दीडशे अब्जांच्या वर प्रयत्न करतं, एसएचए-२५६ चे वीस अब्जांच्या वर. आता शनिपारकरांच्या सदस्यांचे पासवर्ड काय असतील ते डोळ्यांसमोर आणा. निम्म्यांनी मोबाइल नंबर ठेवला असणार. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर चार अब्ज शक्यता. तुमच्या पाच ओळींच्या फंक्शनसमोर त्या सगळ्या तपासायला एक सेकंदही लागत नाही. सॉल्टमुळे प्रत्येक सदस्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते इतकंच. म्हणजे प्रत्येकी एक सेकंद.

बीक्रिप्ट हे पासवर्डसाठीच बनवलेलं हॅशिंग, मुद्दाम संथ केलेलं आहे. प्रोवोस आणि माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलं. त्यात कॉस्ट नावाचा आकडा असतो, तो एकाने वाढवला की काम दुप्पट होतं. त्याच कार्डावर कॉस्ट ५ ला सेकंदाला पावणेदोन लाखांच्या आसपास प्रयत्न होतात. कॉस्ट १२ म्हणजे त्याच्या १२८ पट संथ, साधारण चौदाशे. मग त्याच चार अब्ज नंबरांना महिन्याहून जास्त लागतो, तोही एका सदस्यापुरता.

हिंजवडी_फेज२

मान्य, पण मी एसएचए-२५६ एक हजार वेळा फिरवतो.

लकडीपूल

मग तुम्ही घरच्या घरी पीबीकेडीएफ२ ची (हॅश पुन्हा पुन्हा फिरवायच्या प्रमाणित पद्धतीची) कच्ची आवृत्ती बनवलीय. पक्की आवृत्ती पीएचपीतच आहे, आणि ओवॅस्प या वेब सुरक्षेच्या संस्थेची शिफारस एसएचए-२५६ सह सहा लाख फेऱ्यांची आहे. एक हजार कुठे!

चष्मिष

धागा काढलात ते बरं केलंत. वाचनखूण साठवली.

जुना_पीएचपीवाला

शनिपारकर, तुम्ही समजताय त्याच्या निम्मंही काम नाही. पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड-व्हेरिफाय ही दोन फंक्शनं भाषेतच आहेत. पहिलं सॉल्ट स्वतः काढतं, हॅश करतं आणि एक स्ट्रिंग हातात देतं. त्या स्ट्रिंगमध्येच अल्गोरिदमची खूण, कॉस्ट, सॉल्ट आणि हॅश असं सगळं असतं. दुसऱ्याला आलेला पासवर्ड आणि साठवलेली स्ट्रिंग द्यायची. ते हो किंवा नाही सांगतं. सॉल्टसाठी वेगळा कॉलम लागत नाही. सॉल्ट लपवायचीही गरज नाही. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसावेत आणि आधीच तयार करून ठेवलेले हॅशचे तक्ते निकामी व्हावेत, एवढंच त्याचं काम.

ही काही आजची युक्ती नाही. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर १९७९ मध्ये लेख लिहिला, त्यात १२ बिटांचा सॉल्ट आहे आणि मुद्दाम संथ करायला डीईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या २५ फेऱ्या आहेत. तरी २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश बाहेर आले ते बिनसॉल्टच्या एसएचए-१ चे. २०१६ मध्ये तोच आकडा ११ कोटी ७० लाखांवर गेला.

कॉस्ट पीएचपी ८.४ मध्ये आपोआप १२ आहे, आधी १० होती. तुमच्या सर्व्हरवर वेळ मोजून ठरवा. एका लॉगिनला पाव सेकंदाच्या आसपास लागू दे. मंडळाच्या साइटवर एका वेळी कितीजण लॉगिन करणार? रविवारी सकाळी चहाच्या वेळेला थोडी गर्दी, तेवढीच.

आणि कॉलम व्हारकार ५० म्हणालात ना? बीक्रिप्टची स्ट्रिंग ६० अक्षरांची असते. जुन्या सेटिंगचं मायएसक्यूएल कुरकुर न करता शेवटची दहा कापून टाकतं आणि दुसऱ्या दिवशी एकालाही लॉगिन होत नाही. व्हारकार २५५ करा. पीएचपीच्या कागदपत्रांतही तेच सुचवलंय, कारण उद्या अल्गोरिदम बदलला की लांबी बदलते.

शनिपारकर

५० ते २५५ आत्ताच केलं. हे हुकलं असतं.

आर्गॉन२ चं नावही सगळीकडे दिसतं. ते घेऊ का?

जुना_पीएचपीवाला

पासवर्ड हॅशिंगची जी जाहीर स्पर्धा झाली, ती आर्गॉन२ ने २०१५ मध्ये जिंकली. नवी साइट असेल तर त्यातला आर्गॉन२आयडी हा प्रकार घ्या असंच मी सांगेन. ग्राफिक कार्डाला गणित जमतं, पण हजारो प्रयत्न एकाच वेळी चालवायचे तर प्रत्येकाला भरपूर मेमरी पुरवताना त्याचा दम निघतो. आर्गॉन२ तिथेच अडवतं. ओवॅस्पचा किमान आकडा १९ मेबीबाइट मेमरी, दोन फेऱ्या. बीक्रिप्टला जेमतेम ४ किलोबाइट लागतात.

पण स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी बऱ्याचदा आर्गॉनशिवाय बांधलेलं असतं. असेल तर वापरा, नसेल तर बीक्रिप्ट १२ वर ठेवून निश्चिंत राहा. नीड्स-रीहॅश नावाचं तिसरं फंक्शन आहे. लॉगिन यशस्वी झालं की विचारायचं, हा हॅश जुन्या पद्धतीचा आहे का? असला तर त्याच क्षणी नव्याने करून ठेवायचा, कारण खरा पासवर्ड फक्त त्या क्षणी तुमच्या हातात असतो.

निमा_के

सदस्यांना त्रास न देता बदल, याबद्दल. तुमचं नशीब विचित्र आहे: उघडा कॉलम असल्याने सगळ्यांचे मूळ पासवर्ड हाताशी आहेत. एका रात्री स्क्रिप्ट चालवा, प्रत्येकाचा बीक्रिप्ट करा, लॉगिन त्यावर वळवा, दोन दिवस नजर ठेवा. मग दोन्ही जुने कॉलम काढा. दोन्ही म्हणतेय. एमडीफाइव्हचा कॉलम "असू दे, कुठे तरी लागेल" म्हणून ठेवलात तर बीक्रिप्टवर घालवलेली रात्र फुकट.

याचं उदाहरण तुमच्याच क्षेत्रातलं म्हणता येईल, फक्त उलट्या दिशेचं. ॲशली मॅडिसन, विवाहितांना विवाहबाह्य गाठीभेटी जुळवून देणारी साइट. २०१५ मध्ये तिचा डेटा फुटला. पासवर्ड बीक्रिप्टमध्ये, कॉस्ट १२, सगळं शहाण्यासारखं. बघणाऱ्यांनी हात टेकले होते. मग सायनोशुअर प्राइम नावाच्या गटाला फुटलेल्या सोर्स कोडमध्ये दिसलं की आपोआप लॉगिनसाठी एक वेगळी किल्ली साठवलीय आणि बऱ्याच खात्यांची ती किल्ली म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड लहान लिपीत करून काढलेला साधा एमडीफाइव्ह आहे. ते बीक्रिप्ट थेट फोडायला गेलेच नाहीत. एमडीफाइव्ह फोडले, मग लहानमोठी अक्षरं फिरवून बीक्रिप्टशी पडताळली. काही दिवसांत एक कोटी दहा लाखांहून जास्त पासवर्ड मोकळे.

तेव्हा सगळा कोड धुंडाळा. एमडीफाइव्ह कुठेकुठे आहे? "मला लक्षात ठेव" च्या कुकीत? जुन्या मोबाइल ॲपमध्ये? आणि बॅकअप! गेल्या वीस वर्षांत कुणीकुणी टेबल एक्सेलमध्ये काढून स्वतःला मेल केलं असेल याचा विचार करा.

शनिपारकर

एक्सेल आहे. कार्यालयाच्या संगणकावर डेस्कटॉपवरच. नाव "फायनल यादी नवीन २".

खट्याळ_बिट

"फायनल यादी नवीन १" कुठे गेली हा खरा प्रश्न आहे 😄

निमा_के

हसण्यावारी नेऊ नका. एक्सेल किती ठिकाणी गेलंय ते कुणालाच माहीत नसेल, तर ते पासवर्ड फुटलेच असं धरून चाला. हॅश केल्यावरही सगळ्यांना एकदा नवा पासवर्ड ठेवायला लावा. लोक हाच पासवर्ड मेलला आणि बँकेलाही वापरतात, तेव्हा "इतरत्र हाच असेल तर तिथेही बदला" असं मेलमध्ये स्वच्छ लिहा. मंडळाची थोडी शोभा होईल. होऊ दे.

औंधकर_७

मधला मार्ग सुचवू का? हॅशऐवजी एन्क्रिप्ट करा (म्हणजे किल्लीने पुन्हा उघडता येईल), एईएस ही पद्धत वापरा. मग काकूंना दिसेलही आणि डेटाबेस चोरीला गेला तर चोराला दिसणार नाही. चिटणीस खूश.

लकडीपूल

किल्ली कुठे ठेवणार? त्याच सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये. म्हणजे कुलूप लावून किल्ली शेजारच्या खिळ्याला. डेटाबेस नेणारा बऱ्याचदा फाइलीही नेतो.

किल्ली नाही मिळाली तरी सुटका नाही. २०१३ मध्ये ॲडोबीचा डेटा फुटला. पासवर्ड हॅश केलेले नव्हते, ट्रिपल डीईएसने, एकाच किल्लीने आणि ईसीबी पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले होते. त्यामुळे सारखा पासवर्ड तिथे सारखाच दिसायचा. शेजारी लोकांनी स्वतःच लिहिलेल्या आठवणीच्या खुणा, त्या उघड्या. हजारो जणांची स्ट्रिंग एकच आणि त्यातल्या कुणीतरी खुणेत पासवर्डच लिहून ठेवलेला. किल्ली न मिळताही लोकांनी पासवर्ड ओळखले.

आणि चोर बाजूला ठेवा. पासवर्ड काकूंनाही दिसायला नको. काकूंवर अविश्वास म्हणून नाही. उद्या कुणाच्या खात्यातून भलत्याच स्थळाला होकार गेला, तर "मी केलं नाही" असं काकूंना सिद्ध करता यायला हवं. पासवर्ड दिसत असेल तर ते कधीच सिद्ध होणार नाही. चिटणिसांना ही बाजू सांगा, पटेल.

शनिपारकर

हे काकूंनाच सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "खरंच की. मागे एकदा असं झालंही होतं." पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सुमेधा_कोथरूड

आमच्याकडे (वेगळी संस्था, वाचनालय) हे केलं तेव्हाचा अनुभव. फोन येतो, मदतनीस नाव आणि नोंदणी क्रमांक विचारते आणि एक बटण दाबते. सदस्याच्या नोंदलेल्या मेलवर आणि मोबाइलवर लिंक जाते. नवा पासवर्ड तो स्वतः टाकतो. मदतनीस फोनवर थांबून "आता निळ्या अक्षरांवर बोट ठेवा" असं सांगते. म्हणजे मदत तशीच राहिली, फक्त पासवर्ड उच्चारला जात नाही. पहिले काही आठवडे फोन लांबले, मग कमी झाले, कारण ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगायचं लोक शिकले.

फोनवर "माझा मेल बदललाय, या नव्या मेलवर पाठवा" असं कुणी म्हणालं तर मात्र नाही. त्याला ओळखपत्र घेऊन कार्यालयात यायला सांगायचं. बाकी सगळं नीट करून लोक इथेच फसतात.

लकडीपूल

सुमेधाताईंना +१. एक भर. लिंकमधलं टोकन सुरक्षित यादृच्छिक जनरेटरमधून लांबलचक काढा, अर्ध्या तासात बाद करा, एकदाच चालू द्या, आणि डेटाबेसमध्ये टोकन न ठेवता त्याचा हॅश ठेवा. इथे मात्र एसएचए-२५६ पुरतं. टोकन माणसाने निवडलेलं नसतं, ते अंदाजाने शोधायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. संथपणाची गरज माणसाच्या आळसामुळे आहे, टोकनला आळस नसतो. घ्या हिंजवडीकर, तुमच्या फंक्शनला काम मिळालं.

हिंजवडी_फेज२

आभारी आहे 🙏 (माझ्या साइटवर कालच पासवर्ड-हॅश घातलं, गाजावाजा नको.)

औंधकर_७

मग पासवर्ड हवेतच कशाला? ओटीपी पाठवा, विषय मिटला.

शनिपारकर

याचा विचार केला होता. एसएमएसला पैसे पडतात, डीएलटी या एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर संस्थेची आणि प्रत्येक मजकुराची नोंदणी करावी लागते. ते करूही. पण आमचे निम्मे उमेदवार न्यू जर्सी, म्युनिक आणि सिडनीत. तिकडे एसएमएस पोचेलच याची खात्री नाही. शिवाय खातं वडील इथून चालवतात आणि मुलगा तिथून बघतो. ओटीपी आला की रात्री अडीचला मुलाला फोन.

निमा_के

म्हणजे एकाच खात्याचा पासवर्ड आईवडील, उमेदवार आणि बहुतेक मावशी, इतक्या जणांकडे! पालकांना वेगळं लॉगिन द्या हो. स्थळ एकच, त्याला दोन-तीन लॉगिन जोडता यायला हवीत. कुणी काय पाठवलं तेही कळेल. हॅशिंगपेक्षा मुलींना याचा फायदा जास्त होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना_पीएचपीवाला

जन्मतारखेचं कुणी बोललं नाही अजून. मोबाइलनंतर लोक जन्मतारीखच ठेवतात. उमेदवार वीस ते पंचेचाळीस वर्षांचे धरले तर तारखा नऊ हजारांच्या आसपास. बीक्रिप्ट कॉस्ट १२ असूनही त्या कार्डाला सहा-सात सेकंद. आणि वधूवर मंडळात तेवढेही लागणार नाहीत, कारण जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ त्याच टेबलात शेजारच्या कॉलमात आहेत! पहिल्याच प्रयत्नात उघडेल. कुठलाही हॅश इथे वाचवू शकत नाही.

म्हणून पासवर्ड स्वीकारतानाच तपासा. त्यात स्वतःचं नाव, मोबाइल, जन्मतारीख आढळली की नाही म्हणायचं. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा. ट्रॉय हंट यांच्या हॅव आय बीन पोन्ड या सेवेत ही सोय फुकट आहे. पासवर्डच्या एसएचए-१ ची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची, तिकडून त्या पाचांनी सुरू होणारी सगळी यादी येते, जुळणी आपल्याच सर्व्हरवर करायची. अख्खा पासवर्ड किंवा अख्खा हॅश बाहेर जात नाही.

उलट "एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह" हा जाच काढून टाका, आणि दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही गोष्टी नकोत असं सांगितलंय. लांबी महत्त्वाची.

चष्मिष

मग मी मराठीत अख्खं वाक्य ठेवलं तर? उदा. "आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो". लांब आहे, आठवतंही.

लकडीपूल

वा! हा प्रश्न विचारायलाच हवा होता. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरं, कुणाला आड येत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे चोवीस चिन्हांत खेळ खलास.

तुमचं वाक्य मोजलं. "आमच्या" १८, "गच्चीवरून" २७, "सिंहगड" १८, "दिसतो" १५, मधल्या तीन जागा ३. एकूण ८१. बहात्तरावा बाइट "दि" वर संपतो. म्हणजे "आमच्या गच्चीवरून सिंहगड दिवसभर" असं टाकलं तरी लॉगिन होणार. करून बघा.

तुमच्या वाक्याला धोका नाही, ७२ बाइट भरपूर आहेत. पण मजकुराच्या सुरुवातीला काहीतरी लांबलचक जोडून मग बीक्रिप्ट करण्याची काहींना सवय असते, तिथे हेच अंगाशी येतं. २०२४ मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली चूक हीच. कॅशची किल्ली काढताना युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून बीक्रिप्ट करत होते. युजरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असलं की पासवर्डची पाळीच यायची नाही, आणि काही परिस्थितीत पासवर्ड न देता आत जाता यायचं.

आर्गॉन२ ला ही अट नाही. बीक्रिप्टच ठेवायचं असेल तर आधी एसएचए-३८४ काढून तो बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत) लिहा, ६४ अक्षरं होतात, मग बीक्रिप्ट. कच्चे बाइट देऊ नका, मध्ये शून्य बाइट आला तर काही ठिकाणी पुढचं सगळं गळून पडतं.

खट्याळ_बिट

मराठी पासवर्डचा त्याहून मजेशीर घोळ "दुसऱ्या" या शब्दात आहे. तो अर्धा र (चंद्रकोरीसारखा) दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ, हलन्त, य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे, हॅश साफ वेगळे. इनस्क्रिप्टवर ऱ ला स्वतंत्र कळ आहे, काही फोनेटिक कीबोर्ड दुसऱ्या मार्गाने जातात. घरी लॅपटॉपवर ठेवलेला पासवर्ड मोबाइलवर चालत नाही आणि माणूस म्हणतो, साइट बिघडली.

युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या रीतीने लिहिलेलं असलं तर एकसारखं करणं) करायला हवंच: र आणि खालचा नुक्ता वेगवेगळे आले तर त्यातला एनएफसी हा प्रकार त्यांचा ऱ करतो. पण जोडचिन्हाच्या भानगडीला ते हात लावत नाही, तो नियम स्वतः लिहावा लागतो. मराठी अंक आणि इंग्रजी अंक तर वेगळेच. सी-डॅक आपल्या पाषाणात असूनही या गोष्टी कुणी फलकावर लावत नाही.

शनिपारकर

मग मराठी पासवर्ड बंदच करू?

खट्याळ_बिट

अजिबात नको! हॅश करण्याआधी आणि तपासण्याआधी एकाच फंक्शनमधून न्या: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडचिन्ह दिसलं की त्याचा ऱ-हलन्त. आणि पासवर्ड दाखवायचं डोळ्याचं बटण द्या. ठिपक्यांमागे मराठी टाइप करणं हा छळ आहे.

वकीलकाकू

तांत्रिक भागातलं मला कळत नाही, कायद्याचं सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत "संवेदनशील वैयक्तिक माहिती" च्या यादीत पासवर्ड हा शब्द स्पष्ट आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मंडळाला कुणी तेवढा लावणार नाही, पण कार्यकारिणीत हा आकडा मोठ्याने वाचा, लक्ष वेधलं जातं. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. मंडळ कशाखाली नोंदलंय त्यावर नेमकं काय लागू ते ठरेल, तुमच्या वकिलांना दाखवा.

सुमेधा_कोथरूड

लॉगिनचा संदेशही बघा. "हा मोबाइल नंबर नोंदणीकृत नाही" असं येतं का? मग ऑफिसातला कुणीही सहकाऱ्याचा नंबर टाकून बघेल की हा स्थळं बघतोय का. वाचनालयात चालून जाईल, तुमच्याकडे नाही. घटस्फोटितांचा विभाग असेल तर अजिबातच नाही. "नंबर किंवा पासवर्ड चुकीचा आहे" एवढंच. विसरलेल्या पासवर्डच्या पानावरही "नोंद असेल तर लिंक पाठवली आहे".

लकडीपूल

आणि वेळही सारखा ठेवा. नंबर सापडला नाही म्हणून कोड लगेच परतला आणि सापडल्यावर बीक्रिप्टला पाव सेकंद लागला, तर संदेश सारखा असूनही घड्याळ चुगली करतं. नंबर नसला तरी एका खोट्या हॅशशी पडताळणी करायची आणि मग नाही म्हणायचं. त्या खोट्या हॅशची कॉस्ट खऱ्यांइतकीच ठेवा.

वारजे_नाका

थोडं अवांतर. माझ्याकडे उलट परिस्थिती आहे. एका शिकवणीची साइट, फक्त एमडीफाइव्ह आहेत, मूळ पासवर्ड नाहीत. सगळे लॉगिन करेपर्यंत थांबू?

निमा_के

थांबू नका. आहे त्या एमडीफाइव्हचाच बीक्रिप्ट आजच करून ठेवा (तो बत्तीस अक्षरी हेक्सच घ्या), आणि ओळीवर "जुनी" अशी खूण करा. लॉगिनच्या वेळी आधी एमडीफाइव्ह, मग पडताळणी. जमलं की तिथेच मूळ पासवर्डचा सरळ बीक्रिप्ट करा आणि खूण काढा. गुंडाळलेला हॅश कायमचा ठेवू नका: त्याच विद्यार्थ्याचा एमडीफाइव्ह दुसऱ्या कुठल्या साइटवरून फुटला असेल तर चोर तो थेट तुमच्या बीक्रिप्टवर चालवून बघतो, आणि जुळला की आतला एमडीफाइव्ह सुट्टा फोडायला मोकळा. सहा महिन्यांत न फिरकलेल्यांचे हॅश पुसा. परत आले तर लिंक मागतील.

शनिपारकर

हे वाचून आमच्याकडे कितीजण फिरकत नाहीत ते पाहिलं. निम्म्याहून जास्त. बहुतेकांची लग्नं झालेली आहेत. काहींची मुलं आता दहावीला असतील, आणि यांचा फोटो, पत्रिका, पगार आणि पासवर्ड सगळं टेबलात जागच्या जागी.

वकीलकाकू

ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती काढायची, हेही त्या २०२३ च्या कायद्यात आहे.

लकडीपूल

मग क्रम बदला. आधी या ओळी काढा, मग उरलेल्यांचं हॅशिंग. बॅकअपमधूनही काढा.

शनिपारकर

चिटणिसांना विचारलं. नाव कमी करायला सभासदाचा लेखी अर्ज लागतो म्हणे, घटनेतच आहे. शनिवारच्या बैठकीत विषय घेतोय.

खट्याळ_बिट

अर्जावर दोघांच्या सह्या लागत असतील तर आधीच सांगा 😄

वकीलकाकू

घटनेत "सभासदत्व" म्हटलं असेल, साइटवरची माहिती नव्हे. सभासद राहू देत वहीत, हवे तितके. माहिती काढायला अर्जाची वाट बघू नका. घटनेचं ते पान मला निरोपात पाठवा, शनिवारच्या आत वाचून सांगते.